विहिरीचे पाणी आणि प्रमाणपत्राचा कागद

गेल्या हिवाळ्यात एका महाविद्यालयाच्या सभागृहात आम्ही अडीच तास उभे होतो. खुर्च्या होत्या; परंतु त्या उद्घाटनाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या, आणि उद्घाटन आटोपून पाहुणे निघून गेल्यावरही त्यांवर बसण्याचा धीर कोणाला झाला नाही. विद्यार्थ्यांच्या संशोधन परिसंवादाचा तो दिवस होता. भिंतीच्या कडेने फलकांच्या रांगा लागल्या होत्या आणि प्रत्येक फलकापुढे कडक इस्त्रीच्या कपड्यांतला एकेक मुलगा किंवा मुलगी हात मागे बांधून उभी होती. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी त्यांत होती, म्हणून आम्ही गेलो होतो. तिने आमच्याच पट्ट्यातील विहिरी आणि बावखले यांच्या पाण्याचा अभ्यास केला होता. पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि पुन्हा ऐन उन्हाळ्यात घरोघर फिरून तिने पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर विहिरीच्या मालकाचे नाव, तारीख आणि पाण्याची खोली असे तिघांचे टिपण होते. पाणी किती खारट झाले, कोणत्या बाजूने झाले, बावखल बुजले तेथे शेजारच्या विहिरीचे काय झाले, असे प्रश्न तिने स्वतःलाच विचारले होते. विषय तिला कोणी नेमून दिला नव्हता. आजीच्या हातच्या चहाची चव बदलली, तेथून तो निघाला होता.

दोन परीक्षक आले. मुलीने पाठ केलेले इंग्रजी भाषण सुरू केले. तिसऱ्या वाक्याला एका परीक्षकांनी हात वर करून तिला थांबवले आणि फलकावरील अक्षर एवढे बारीक का, असे विचारले. दुसऱ्यांनी मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव महाविद्यालयाच्या नावाखाली न घेता वर घ्यायला हवे होते, अशी सूचना केली. मग दोघेही पुढच्या फलकाकडे गेले. चार मिनिटेही झाली नसतील. संध्याकाळी सर्वांना प्रमाणपत्रे मिळाली, सर्वांचे एकत्र छायाचित्र निघाले, आणि फलक गुंडाळून मुले बसथांब्याकडे चालू लागली.

पुढल्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात ही हकीकत निघाली. ज्यांच्याबद्दल आम्हांला आदर आहे असे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "वर्षभर बाटल्या घेऊन हिंडली पोर. मिळाले काय? एक कागद! त्याऐवजी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास केला असता तर आज कुठेतरी चिकटली असती." आजूबाजूचे हसले. मुलीचे वडील खाली मान घालून उभे होते. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही. ते न बोलणे आम्हांला आठवडाभर बोचत राहिले. म्हणून हा लेख. यात त्या गृहस्थांना उत्तर आहे. पण प्रथमच सांगून टाकतो की त्यांचे अर्धे म्हणणे आम्हांस पटते, आणि जे अर्धे पटत नाही त्याचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारण्याची आमची इच्छा नाही.

पटते ते असे. विद्यार्थ्यांचे संशोधन हे आज पुष्कळ ठिकाणी कागदासाठी चालते. आपल्या राज्यात २००६ साली राज्यपालांच्या, म्हणजे विद्यापीठांच्या कुलपतींच्या, पुढाकाराने 'आविष्कार' हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव सुरू झाला. कल्पना उत्तम होती. पदवीच्या विद्यार्थ्यापासून पीएच.डी. करणाऱ्यापर्यंत सर्वांनी आपले काम फलकावर मांडावे, तोंडी समजावून सांगावे, महाविद्यालयातून विद्यापीठात आणि विद्यापीठातून राज्याच्या व्यासपीठावर जावे. भाषा, वाणिज्य, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा सर्व शाखांना तेथे जागा असावी. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना त्यामुळे प्रथमच कोणी "तू काय शोधलेस?" असे विचारले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. त्याही आधी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ साली पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेण्याची योजना सुरू केली होती, आणि १९८७ पासून तेथे पदवीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संशोधन परिषद भरू लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर आपल्याकडेही पदवीच्या चौथ्या वर्षाला संशोधनाची जोड दिली आहे. तेव्हा ही लाट ओसरणार नाही, वाढणार आहे. आपल्या घरातील मुलेमुली उद्या अशा सभागृहांत उभी राहणारच आहेत.

परंतु लाटेबरोबर कचराही येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. किती निबंध छापले, किती परिषदांत वाचले, याची बेरीज मांडू लागले. पुढे तिच्यात फेरफार होत गेले, पण बेरजेची सवय जडली ती जडलीच. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांत दोन निबंध वाचलेच पाहिजेत, अशीही अट अनेक वर्षे होती. २०२२ च्या नियमांत ती उरली नाही. मधल्या काळात काय झाले ते शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही विचारावे. जिकडेतिकडे परिषदा उगवल्या. नोंदणी शुल्क भरा, दहा मिनिटे बोला, जेवा, प्रमाणपत्र घ्या. ज्याला बोलायचे आहे त्याला ऐकणारा नको, वेळ संपल्याची घंटा वाजवणारा पुरे. मोठ्यांनी घालून दिलेला हाच धडा धाकट्यांनी गिरवला. अशा परिस्थितीत आमचे ते वडीलधारे गृहस्थ "मिळाले काय, एक कागद" असे म्हणाले, तर त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले एवढाच त्यांचा गुन्हा.

आता चोरी धरण्यासाठी यंत्रे आली आहेत. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या: दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे चाळीसपर्यंत एक शिक्षा, साठपर्यंत दुसरी, त्याहून अधिक असेल तर तिसरी. नियम हवेत, याबद्दल वाद नाही. पण यंत्र एवढेच सांगते की हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या वाक्यासारखे आहे. मुलगी विहिरीवर गेली होती की नाही, हे यंत्र सांगत नाही. दुपारच्या उन्हात वाकून तिने दोर सोडला होता, की घरी बसून वहीत आकडे भरले होते, हे तिच्या डोळ्यांत पाहून दोन प्रश्न विचारणारा माणूस सांगू शकतो. तो माणूसच आपण परिसंवादातून हद्दपार केला आहे. आमचे भांडण आहे ते येथे.

'परिसंवाद' या शब्दात संवाद आहे. इंग्रजीत ज्याला सिम्पोझियम म्हणतात, त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ तर एकत्र बसून मद्य पिणे असा आहे. भोजनोत्तर पेल्याबरोबर वादही रंगत. (आमच्या अंगणातील काही मंडळींना या परंपरेचा पूर्वार्ध चांगला ठाऊक आहे.) आपल्याकडील न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार केले. सत्य कळावे म्हणून बोलणे तो वाद, जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे पाडण्यासाठी बोलणे ती वितंडा. शास्त्रीपंडित आधी पूर्वपक्ष मांडत, म्हणजे विरोधकाचे म्हणणे त्याच्याहूनही चांगल्या शब्दांत सांगत, आणि मगच सिद्धांताकडे वळत. आजच्या परिसंवादात वाद नाही, जल्प नाही, वितंडासुद्धा नाही. आहे ते केवळ अभिनंदन.

युरोपातील विद्यापीठे ज्या मातीतून वर आली, ती माती तर आपल्या ओळखीची आहे. तेराव्या शतकात पॅरिस विद्यापीठात शिक्षणाचा कणा व्याख्यान हा नव्हता. व्याख्यान आणि वादसभा असे दोन कणे होते. विषय जाहीर व्हायचा. जमलेल्यांतून आक्षेप यायचे. त्यांना प्रथम तोंड द्यायचे ते गुरूने नव्हे, तर पदवीच्या वाटेवर असलेल्या शिष्याने. गुरू ऐकत बसायचे, आणि नंतरच्या दिवशी सर्व आक्षेप ओळीने घेऊन निर्णय द्यायचे. वर्षातून दोनदा, आगमनकाळात आणि उपवासकाळात, याहून धाडसी सभा भरायची: कोणीही, कोणत्याही विषयावर, काहीही विचारावे. त्या सभेला उभे राहणे सर्वच गुरूंना झेपत नसे. संत थॉमस अक्विनास तेथे उभे राहिले. त्यांचा 'सुम्मा' हा ग्रंथ आपल्यापैकी थोड्यांनीच उघडून पाहिला असेल, पण ज्यांनी उघडला असेल त्यांना त्याची मांडणी आठवेल. प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी विरुद्ध पक्षाचे म्हणणे येते, आणि तेही लेचेपेचे नव्हे, चांगले धारदार. देव आहे काय, या प्रश्नाच्याही आरंभी 'नाही' म्हणणाऱ्याची बाजू आधी येते. श्रद्धेच्या प्रश्नात ज्या परंपरेने आक्षेपाला पहिले पान दिले, त्या परंपरेतील माणसांनी चालवलेल्या महाविद्यालयांतसुद्धा आज विद्यार्थ्याला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान, असे मानले जावे, याचे आम्हांला नवल वाटते. मुलांना लागेल म्हणून प्रश्न विचारीत नाहीत म्हणे! त्या मुलीला काय लागले ते आम्ही पाहिले आहे. घणाघाती प्रश्न तिला लागला नसता. अक्षर बारीक का, हा प्रश्न लागला.

येथे कोणी म्हणेल की तुम्ही जुन्या काळाचे गोडवे गाता. त्या वादसभाही पुढे पोकळ झाल्या. झाल्या, हे खरे. शब्दांचा कीस काढण्यापलीकडे त्यांत काही उरले नाही म्हणून नव्या विज्ञानाने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि प्रयोगाची कास धरली. आम्हांला वादसभेची झूल परत आणायची नाही. पण प्रयोगालाही ऐकणारा लागतो. याचे उदाहरण आपल्याच एका व्रतस्थाचे आहे.

ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील संन्यासी. शिक्षकाच्या परीक्षेत ते दोनदा अपयशी ठरले होते, ही गोष्ट परीक्षेत नापास झालेल्या मुलांच्या आयांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मठाच्या बागेत १८५६ पासून सुमारे आठ वर्षे त्यांनी वाटाण्याची हजारो रोपे वाढवली, त्यांचे संकर केले, दाणे मोजले. १८६५ साली फेब्रुवारी आणि मार्च अशा दोन महिन्यांत, दोन संध्याकाळी, त्यांनी गावातील निसर्गविज्ञान मंडळापुढे आपला निबंध वाचला. मंडळ फार मोठे नव्हते. आपल्या तालुक्यातील एखाद्या अभ्यासमंडळासारखेच म्हणा. निबंध पुढल्या वर्षी मंडळाच्या वृत्तांतात छापला गेला. मेंडेलनी त्याच्या चाळीस प्रती वेगळ्या काढून घेतल्या आणि काही विद्वानांकडे पाठवल्या. म्युनिकच्या नेगेली या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, पण त्यांनाही त्या आकड्यांचे मोल उमगले नाही. मेंडेल १८८४ साली वारले. १९०० साली तीन निरनिराळे संशोधक आपापल्या वाटेने त्याच नियमांपाशी येऊन पोहोचले, तेव्हा जगाला कळले की पस्तीस वर्षांपूर्वी एका संन्याशाने हे सारे सांगून ठेवले होते.

ही गोष्ट सांगून "निराश होऊ नका, जग कधीतरी ओळखेल" असा दिलासा देण्याची पद्धत आहे. आम्हांला तो दिलासा नको आहे. वाटाण्याच्या दाण्यांचे नियम पस्तीस वर्षे थांबू शकले. आमच्या विहिरी थांबणार नाहीत. मेंडेलच्या गोष्टीतून आम्ही एवढेच घेतो, की निबंध वाचला गेला म्हणजे ऐकला गेला असे नव्हे. आणि दोष ऐकणाऱ्याकडेही असतो.

ऐकणाऱ्यांत आपण येतो. म्हणून आता आम्ही सभागृह सोडून अंगणात येतो.

त्या मुलीने पाणी कोणाच्या विहिरीतून घेतले? तुमच्या, आमच्या. तिला दारात उभे करून "कशाला हवंय पाणी, नगरपालिकेची माणसं आहेस काय" असे विचारणारे आपण होतो, आणि शेवटी बाटली भरू देणारेही आपणच. त्यानंतर वर्ष लोटले. आपल्या विहिरीबद्दल तिला काय आढळले, हे आपल्यापैकी किती जणांनी तिला विचारले? आणि किती महाविद्यालयांनी "जेथून नमुना घेतला तेथे जाऊन निष्कर्ष सांगा" असा दंडक घातला आहे? डॉक्टर रक्त काढून नेतो तेव्हा संध्याकाळी अहवाल आणायला आपण दोन वेळा चकरा मारतो. पाण्याचा अहवाल मात्र कोण्या सभागृहातल्या फलकावर, परक्या भाषेत, बारीक अक्षरात लागतो आणि संध्याकाळी गुंडाळला जातो. ज्याची विहीर त्याला पत्ता नाही. हे संशोधन नव्हे. ही उचलेगिरी आहे. मुलीची नव्हे, व्यवस्थेची.

भाषेचा उल्लेख आला आहे, तर त्याबद्दल थोडे अधिक. ती मुलगी घरी बोलीत बोलते, प्रार्थना मराठीत म्हणते, विहिरीवर पाण्याबद्दलचे सारे प्रश्न तिने बोलीतच विचारले, आणि उत्तरेही तिला तशीच मिळाली. 'पाणी मचूळ लागते', 'पाणी जड झाले', 'भात शिजत नाही', 'साबणाला फेस येत नाही', या चार तक्रारींत पाण्याच्या चार अवस्था आहेत. इंग्रजी फलकावर त्या चारींचा मिळून एक शब्द झाला. आम्हांला सांगतात की इंग्रजी ही विज्ञानाची भाषा आहे, पारिभाषिक शब्द मराठीत नाहीत. इंग्रजीची निंदा आम्ही करीत नाही. मुलांनी ती उत्तम शिकावी, तिच्यात लिहावे, जगभर जावे. पण शब्द नाहीत हे म्हणणे खोटे आहे. १९६० साली राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने शास्त्राशास्त्रांचे परिभाषाकोश काढले. मराठी विश्वकोशाचे खंड वाचनालयाच्या कपाटात उभे आहेत. शब्द आहेत. ते वापरणारा परीक्षक नाही.

आणि आपल्या समाजाला तर ही सबब अजिबात शोभत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. येथल्या लोकांची भाषा ते शिकले, आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. अक्षरे रोमन होती, भाषा मराठी. त्या माणसाला इंग्रजी येत नव्हती म्हणून त्याने मराठीत लिहिले नाही! ज्यांना सांगायचे त्यांना कळले पाहिजे, एवढा साधा हिशेब त्याने केला. चारशे वर्षांनंतर येथेच जन्मलेली, येथलेच पाणी प्यालेली मुलगी आपल्या आजीच्या विहिरीचे गुपित आजीला न कळणाऱ्या भाषेत दोन अनोळखी माणसांना सांगते, आणि तीही माणसे मराठीच असतात. मेंडेलनीसुद्धा आपला निबंध मंडळाच्या सभासदांना कळणाऱ्या जर्मन भाषेत वाचला होता. त्यांना तो उमगला नाही ही गोष्ट वेगळी. भाषा एकटी पुरत नाही. पण भाषाच नसेल तर पुढचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता नोकरीचा मुद्दा. "चिकटली असती" या शब्दावर आम्ही बराच विचार केला. घरात मिळवते हात कमी, वाडीचे उत्पन्न आटलेले, पानवेली गेल्या, केळीच्या बागांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. अशा घरातील बापाने मुलीला बँकेच्या परीक्षेकडे ढकलले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पोट भरलेल्यांनी संशोधनाची स्तोत्रे गावीत हे सोपे आहे. आमचे म्हणणे एवढेच, की हे दोन मार्ग एकमेकांच्या आड येतात असे कोणी ठरवले? स्वतः प्रश्न काढणे, वर्षभर चिकाटीने नोंदी ठेवणे, नको असलेला आकडाही न पुसणे, अनोळखी दारात उभे राहून आपले काम समजावणे, हे ज्या मुलीला जमले तिला बँकेचे काउंटर जड जाणार नाही. उलट, मार्गदर्शक पुस्तकातील उत्तरे पाठ करून जे चिकटतात त्यांतले पुष्कळ जण चिकटलेलेच राहतात.

आणि तोटा केवळ तिचा होत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी पट्टी बांधकामाला मोकळी होण्याची वेळ आली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली. त्या मोर्च्यांची, त्या सभांची आठवण अनेक घरांत आजही ताजी आहे. फादर २०२४ साली गेले. त्यांच्या मागे शोकसभा झाल्या, चांगली भाषणे झाली. पण आजचा लढा कागदावर आला आहे. विकास आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणीची तारीख पडते. त्या सुनावणीत "साहेब, आमच्या वाडवडिलांपासून येथे गोडे पाणी होते" असे सांगून भागत नाही. अधिकारी विचारतो, पुरावा काय? कोणत्या महिन्यात, किती खोलीवर, किती क्षार? तेव्हा आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. त्या प्रश्नाचे उत्तर एका मुलीच्या वहीत आहे, आणि आपण अंगणात उभे राहून तिला हसलो आहोत. सरकारी यंत्रणा आपल्या प्रत्येक विहिरीपाशी येणार नाही. कोणते बावखल कोणत्या साली बुजले, त्याच्या काठावर कोणती झाडे होती, राहाट कधी बंद पडला, पंप कधी बसला, टँकर कोणत्या रस्त्याने जातात, ही नोंद ठेवील तर येथले पोरच ठेवील. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या डोंगरांतील वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ १९५३ साली सिद्ध केला. स्पेनमधून आलेल्या त्या धर्मगुरूने खंडाळ्याचे गवतसुद्धा नावानिशी ओळखले. आपल्या वाडीतले गवत आपल्याला ओळखता येत नाही.

महाविद्यालयांकडे आमच्या मागण्या फार नाहीत. फलक कमी लावा, पण प्रत्येकापुढे परीक्षक वीस मिनिटे थांबू द्या. अक्षराच्या आकाराला आणि नावांच्या क्रमाला गुण देऊ नका. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला निदान एक तरी माणूस असा द्या, की ज्याने त्याचा अहवाल आधी वाचला आहे आणि ज्याला तो पटलेला नाही. मराठीत बोलणाऱ्याला कमी लेखू नका. आणि ज्यांच्या दारातून माहिती गोळा केली त्यांच्या दारात ती परत गेल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नका. शेवटची अट घातली तर निम्मे फलक गळून पडतील, असे एका प्राध्यापक मित्राने आम्हांला सांगितले. पडू द्यावेत.

धर्मग्रामाकडे मागणी आहे ती याहून लहान. आपल्या चर्चच्या सभागृहात वर्षभर काय काय होते? तंबोल्याचे डाव होतात, वाढदिवस होतात, नाताळात नाटक होते. तेथे वर्षातून एक रविवार, दुसऱ्या मिस्सेनंतर, या मुलामुलींसाठी द्यावा. ज्यांनी ज्यांनी काही शोधले असेल, मग ते पाणी असो, आपली बोली असो, सुकेळी वाळवण्याची रीत असो वा शेअर बाजार असो, त्यांनी ते मराठीत सांगावे. पुष्पगुच्छ नको, दीपप्रज्वलन नको. पुढच्या खुर्च्या राखून ठेवायच्या झाल्या तर ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्यासाठी ठेवाव्यात. आणि आक्षेप आधी घ्यावेत. अंगणातील आमच्या त्या गृहस्थांनाच आम्ही पहिला आक्षेप घेण्याची विनंती केली आहे. ते प्रथम चिडले. मग म्हणाले, "मला त्यातले काही कळत नाही, पण तिने माझ्या विहिरीचे पाणी एप्रिलात नेले, आणि तेव्हा शेजारचा पंप दिवसरात्र चालू होता. तो आकडा खरा कसा धरायचा?"

दोन परीक्षकांना जे सुचले नाही ते त्यांनी विचारले. आम्ही तो प्रश्न मुलीला कळवला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग वही काढून एप्रिलचे पान शोधू लागली. पंपाची नोंद तिथे नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामी बाटली घेऊन त्यांच्या दारात उभी होती. गृहस्थ ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. "काय गो बाय, परत आलीस?" म्हणून त्यांनी चष्मा काढला, आणि शेजारचा पंप बंद आहे की चालू हे पाहायला आधी स्वतः कुंपणापर्यंत गेले.